दोन देशांच्या ओढाताणीतलं विद्यापीठ

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा वैष्णव आणि शैव संप्रदायांवरचा गाजलेला इंग्रजी ग्रंथ १९१३ मध्ये निघाला, तो मुंबईहून किंवा लंडनहून नव्हे, तर स्ट्रासबुर्गहून. हे शहर आज फ्रान्समध्ये आहे. तेव्हा जर्मनीत होतं. ट्र्युब्नर हा तिथला प्रकाशक भारतविद्येची एक मोठी ग्रंथमाला काढत होता आणि तिच्या संपादकांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून गेलेले किलहॉर्न होते. त्याआधी १८८० मध्ये स्ट्रासबुर्ग विद्यापीठातल्या झीगफ्रीड गोल्डश्मिट यांनी ‘सेतुबंध’ संपादित केलं होतं. माहाराष्ट्री प्राकृतातलं हे काव्य विदर्भाच्या वाकाटक राजाच्या, प्रवरसेनाच्या, नावावर आहे.

सीमेवरच्या एका गावात एवढी विद्या जमली याचं कारण युद्ध.

तशी इथली परंपरा जुनी. योहान स्टुर्मने १५३८ मध्ये शाळा काढली, १६२१ मध्ये तिचं विद्यापीठ झालं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८१ मध्ये शहर घेतलं, तरी विद्यापीठ लुथरपंथीच राहिलं. गटे इथे कायदा शिकला. राज्यक्रांतीत ते मोडलं, पुढे नुसत्या विद्याशाखा उरल्या. त्यातल्या एकीत लुई पाश्चर १८४९ च्या जानेवारीत रुजू झाला आणि मे महिन्यात रेक्टरच्या मुलीशी लग्न करून मोकळाही झाला!

मग १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धातला वेढा. २४ ऑगस्टच्या रात्री प्रशियाच्या तोफांनी शहराचं ग्रंथालय जाळलं. बाराव्या शतकातली ‘हॉर्टुस डेलिशियारुम’ ही सचित्र पोथी त्यात गेली. पूर्वी कुणी करून ठेवलेल्या नकलांवरूनच ती आज कशीबशी कळते. शहर जर्मनीकडे गेलं आणि ज्यांनी जाळलं त्यांनीच मग नवं ग्रंथालय उभारलं आणि १८७२ मध्ये नवं विद्यापीठही. फ्रेंचांना दाखवून द्यायचं होतं, त्यामुळे पैशांची ददात नव्हती. मुख्य इमारत १८८४ मध्ये खुली झाली. तिच्या माथ्यावर लायब्निझ, कांट अशा ३६ जर्मन विद्वानांचे पुतळे आहेत आणि खाली लॅटिनमध्ये कोरलंय : विद्येला आणि पितृभूमीला. फर्डिनांड ब्राउनने १८९७ मध्ये याच विद्यापीठात कॅथोड किरणांची नळी केली. आपल्या घरातले जुने, पाठीला पोक असलेले टीव्ही तिचेच वंशज.

१९१८ मध्ये फ्रेंच परतले. मोजकं सामान घेऊन जर्मन प्राध्यापकांना ऱ्हाइनपार हाकलण्यात आलं. फ्रेंच इतिहासलेखनात या हकालपट्टीवर फारसं कुणी रेंगाळत नाही. गंमत अशी, की माणसं घालवली पण व्यवस्था ठेवली : प्रत्येक विषयाची स्वतंत्र संस्था, तिचं स्वतःचं ग्रंथालय आणि सगळे एका छपराखाली. इतिहासकार मार्क ब्लॉक आणि ल्युसियँ फेव्र यांच्या खोल्या शेजारी-शेजारी होत्या. समाजशास्त्रज्ञ मोरिस आल्ब्वाक्सही तिथेच होता. शनिवारी वेगवेगळ्या विषयांचे लोक एकत्र बसून वाद घालत. राजे आणि लढाया सोडून शेतं, किमती, माणसांच्या समजुती यांचा इतिहास लिहू पाहणारं ‘आनाल’ हे नियतकालिक ब्लॉक आणि फेव्र यांनीच १९२९ मध्ये सुरू केलं. ते पॅरिसमध्ये सुचलं नसतं, असं माझं मत आहे.

आणखी एक वारसा : १९०५ मध्ये फ्रान्सने धर्म आणि शासन वेगळं केलं, तेव्हा आल्सास, म्हणजे स्ट्रासबुर्गचा प्रांत, जर्मनीकडे होता. त्यामुळे तो कायदा तिथे लागू झाला नाही आणि आजही या सरकारी विद्यापीठात कॅथलिक व प्रोटेस्टंट धर्मशास्त्राच्या विद्याशाखा आहेत.

सध्या इथे पन्नास हजारांवर विद्यार्थी आहेत. १९७० नंतर विद्यापीठाची तीन शकलं झाली होती, ती २००९ मध्ये पुन्हा जोडली गेली. ‘गॅलिया’ या मेसमध्ये ताट घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पोरांना बहुधा ठाऊकही नसेल, की ती इमारत जर्मन विमा कंपनीची होती आणि १९१८ पर्यंत तिचं नाव ‘जर्मानिया’ होतं.

नाझी काळाचं ओझं मात्र असं पाटी बदलून उतरलं नाही. १९३९ मध्ये विद्यापीठ क्लेर्मों-फेराँला हलवलं गेलं. तिथेही २५ नोव्हेंबर १९४३ ला जर्मनांनी धाड घातली. ग्रीकचे प्राध्यापक पॉल कोलोंप जागीच मारले गेले, कित्येकांची रवानगी छळछावण्यांत झाली. ब्लॉक प्रतिकारात उतरला आणि १९४४ च्या जूनमध्ये गोळ्या खाऊन मेला. इकडे स्ट्रासबुर्गच्या रिकाम्या इमारतींत १९४१ मध्ये नाझींनी स्वतःचं विद्यापीठ थाटलं होतं. त्यातल्या आउगुस्ट हिर्ट या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकासाठी आउश्वित्झहून आणलेल्या ८६ ज्यू स्त्री-पुरुषांना जवळच्या छावणीत गॅसने मारलं गेलं. त्याला सांगाड्यांचा संग्रह हवा होता.

युद्धानंतर अनेक वर्षं विद्यापीठाचा पवित्रा एकच : ते विद्यापीठ आमचं नव्हतं, आम्ही क्लेर्मोंला होतो. कागदोपत्री हे खरंच. पण २०१५ मध्ये स्ट्रासबुर्गच्या न्यायवैद्यक संस्थेत त्या ८६ जणांपैकी काहींचे अवशेष बरण्यांमध्ये सापडले. पुढच्याच वर्षी विद्यापीठाने इतिहासकारांची स्वतंत्र समिती नेमली. तिचा अहवाल २०२२ मध्ये आला. शहर मुक्त होऊन तेव्हा ७८ वर्षं होत आली होती.