शिकारी कुत्र्यांची पैदास : नर-मादीची निवड कशी करावी?

छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे शहर पोलाद कारखान्यासाठी जसे ओळखले जाते, तसेच मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयातील पांढऱ्या वाघांसाठीही. वाघाचा हा रंग एका अप्रभावी जनुकामुळे येतो आणि ते जनुक आई व वडील या दोघांकडूनही मिळाले, तरच बछडा पांढरा जन्मतो. रेवाच्या जंगलात १९५१ मध्ये पकडण्यात आलेल्या 'मोहन' या पांढऱ्या वाघाला नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून झालेले बछडे पांढरे नव्हते. अखेर मोहनचा संयोग त्याचीच मुलगी राधा हिच्याशी घडवण्यात आला आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे जन्मले. रंग मिळाला, परंतु रक्ताच्या नात्यातील अशा पैदाशीची किंमत पुढील पिढ्यांना अशक्त बछडे आणि शारीरिक व्यंगे यांच्या रूपाने मोजावी लागली.

डोळ्यांना दिसणाऱ्या एकाच गुणासाठी जोडी जमवण्याचा हा धोका शिकारी कुत्र्यांच्या पैदाशीतही तितकाच आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील कारवानी, अर्थात मुधोळ, जातीच्या संदर्भात तो समजून घेणे उपयुक्त ठरते.

शिकार थांबली, परीक्षाही थांबली

मुधोळ हे घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान होते. आज ते कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. लांब पाय, खोल छाती, आत गेलेले पोट आणि तीक्ष्ण नजर ही या कुत्र्याची वैशिष्ट्ये. तो वासापेक्षा नजरेच्या बळावर सावजाचा पाठलाग करतो. संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना तिची एक जोडी भेट दिली, असे सांगितले जाते. टपाल खात्याने २००५ मध्ये भारतीय श्वानांवर काढलेल्या तिकिटांतही मुधोळचा समावेश होता.

पूर्वी माळरानावरील ससा हाच या कुत्र्याचा परीक्षक होता. जो कुत्रा लवकर दमे, वळताना अडखळे किंवा ज्याचे पाय वारंवार दुखत, तो आपोआप मागे पडे आणि त्याच्यापासून पिल्ले घेण्याचा विचार कोणी करीत नसे. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्यप्राण्याच्या मागे कुत्रा सोडून त्याचा पाठलाग करणे हीसुद्धा शिकारच ठरते. वन्यजीवांच्या दृष्टीने हे बंधन आवश्यकच आहे. तथापि, त्यामुळे कुत्र्यांची निवड करणारी जुनी कसोटी संपुष्टात आली. तिच्या जागी दुसरी कसोटी उभी राहिली नाही, तर रंग, उंची आणि प्रदर्शनातील पदके यांवरच जोड्या ठरू लागतात आणि काही पिढ्यांत केवळ शिकारी कुत्र्यासारखा दिसणारा कुत्रा शिल्लक राहतो.

कामाची पारख

शिकार न करताही ही पारख करता येते. मोकळ्या मैदानात दोरीच्या साहाय्याने वेगाने ओढल्या जाणाऱ्या कृत्रिम सावजामागे कुत्रा सोडला जातो. तो सावज किती लवकर हेरतो, वळणावर तोल कसा सांभाळतो, धावून आल्यावर त्याचा श्वास किती वेळात पूर्ववत होतो, हाक मारल्यावर परत येतो का आणि दुसऱ्या दिवशी लंगडतो का, याची नोंद ठेवली जाते. ही चाचणी थंड वेळेतच घ्यावी.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. प्रशिक्षणाने आलेले कौशल्य पिल्लांत उतरत नाही. उतरतो तो उपजत कल आणि शरीराची घडण. म्हणून उत्तम शिकवलेल्या एकट्या कुत्र्यापेक्षा, ज्याची भावंडे आणि आधीच्या वेतातील पिल्लेही कामात चांगली आहेत, असा कुत्रा अधिक भरवशाचा असतो. जर्मनीतील डॉइच ड्राटहार या शिकारी जातीच्या संघटनेत तरुण कुत्र्यांच्या उपजत गुणांची वसंत ऋतूत व पुढे शरद ऋतूत पुन्हा परीक्षा होते आणि त्यांच्या खुब्याची क्ष-किरण तपासणीही केली जाते. पैदाशीची परवानगी त्यानंतरच मिळते.

आपल्याकडे पुष्कळदा नराचीच ख्याती पाहिली जाते. वास्तविक पिल्लांना निम्मा वारसा मादीकडून मिळतो. शिवाय पहिले काही आठवडे पिल्ले तिच्याच सहवासात असतात. भित्री किंवा विनाकारण चावरी मादी कितीही वेगवान असली, तरी टाळावी.

आरोग्याची कसोटी

दोघांचेही डोळे, दात, हृदय आणि सांधे पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावेत. ब्रुसेला या जंतूची चाचणी विशेष महत्त्वाची आहे. हा रोग संयोगातून पसरतो, गर्भपात घडवतो आणि माणसालाही होऊ शकतो. नर-मादीचे आई-वडील किती वर्षे जगले व कशाने दगावले, ही माहितीही मोलाची असते.

दोष नसलेला कुत्रा मिळणे कठीणच. त्यामुळे एकच दोष दोघांतही असू नये, हा नियम पाळावा. अतिउंच नराला अतिठेंगणी मादी दिल्याने मध्यम पिल्ले मिळतीलच असे नाही. उणीव असलेल्या बाबतीत दुसरा जोडीदार प्रमाणबद्ध असावा.

नाते किती जवळचे?

पिल्लाला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याच्या शक्यतेला निकटप्रजनन गुणांक म्हणतात. बाप-लेक किंवा सख्खी भावंडे यांच्या पिल्लांत तो २५ टक्के, सावत्र भावंडांच्या पिल्लांत १२.५ टक्के, तर चुलत किंवा मावस भावंडांच्या पिल्लांत ६.२५ टक्के असतो. गुणांक वाढतो तसे लपलेले आनुवंशिक विकार उघड होण्याची शक्यता वाढते, पिल्लांची संख्या आणि रोगप्रतिकारशक्ती घटते. एकाच नामांकित नराचा परिसरात सर्वत्र वापर झाल्यास पुढच्या पिढीतील बहुतेक कुत्री परस्परांची सावत्र भावंडे ठरतात, हेही विसरून चालणार नाही.

आफ्रिकेतील बसेंजी या शिकारी जातीचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या अमेरिकेतील बसेंजींमध्ये मूत्रपिंडाचा फॅन्कोनी विकार फैलावला. तेव्हा मूळ प्रदेशातून कुत्री आणण्यात आली आणि अमेरिकन केनेल क्लबने १९९० मध्ये आपली वंशनोंदवही १४ नव्या कुत्र्यांसाठी खुली केली.

दुसऱ्या टोकाला, किरकोळ दोषासाठी सरसकट कुत्री बाद केल्यास आधीच लहान असलेला जनुकसंच आणखी आक्रसतो. गंभीर दोष असलेली कुत्री वगळावीत. ज्या विकाराची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे, त्याच्या निरोगी वाहकाला मात्र विकारमुक्त जोडीदार देता येतो.

कायदा काय सांगतो?

श्वानपैदास व विक्रीविषयक २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. मादी किमान १८ महिन्यांची असावी, वर्षाला एकापेक्षा अधिक व आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेते घेऊ नयेत आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकू नये, अशा अटी त्यात आहेत.

मुधोळजवळील तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. २०१६ पासून मेरठ येथे लष्करानेही या जातीला प्रशिक्षण देऊन पाहिले. परंतु ही जात मुख्यतः सांभाळली आहे ती खेड्यांतील पाळणाऱ्यांनी. प्रत्येक पिल्लाचे आई-वडील, आजार, कामातील कुवत आणि मृत्यूचे कारण यांची साधी वही त्यांनी ठेवली, तरी पुढची जोडी निवडताना अंदाजाऐवजी पुरावा हाताशी राहील.