पस्तीस लाखांतले साडेचारशे

देवळ्यात सोनोग्राफी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कितवा महिना?" पण तेच यंत्र उजव्या बरगडीखाली, यकृतावर टेकवलं की जे आकडे निघतात, ते ऐकायला खुर्ची धरूनच बसा.

यकृत जेमतेम दीड किलोचं. त्यातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं. दीडच? थांबा, गुणाकार करू. दिवसाला 2,160 लिटर. पाच दिवसांच्या आत दहा हजार लिटरचा टँकर. वर्षाला 79 टँकर! आता वीस फूट रुंदीची, तीस फूट पाणी असलेली विहीर डोळ्यांपुढे आणा. वर्षाला तशा जवळजवळ तीन विहिरी. आणि 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे आठवते? पन्नास वाघिणी, एका खेपेला सुमारे 25 लाख लिटर. सत्तर वर्षांच्या आयुष्यात यकृतातून अशा 22 गाड्या जातात. बावीस! अंगात रक्त मात्र सारं मिळून पाचेक लिटर. तेच बिचारं फेऱ्या मारतं.

आता हा पाट फुटला तर? एचएचटी नावाच्या आनुवंशिक आजारात नेमकं तेच होतं. धमनीतलं रक्त वाफ्यात न शिरता थेट नाल्याला, म्हणजे शिरेत जाऊन पडतं. धमनी फुगते, धार वाढते, हृदयाची मोटार जादा चालते. कांद्याला बारं देणाऱ्याला सांगायला नको : दोन इंचीच्या जागी तीन इंची पाइप आला की त्याच वेगात सव्वादोन पट पाणी. वेगही वाढला तर विचारूच नका.

हे बघायचं कसं? सुईने यकृताचा तुकडा काढायची इथे सोय नाही, रक्तस्रावाची भीती. म्हणून आवाज. साधारण 35 लाख कंपनांचा, एका सेकंदात! सेकंदाला एक असं मोजत बसलात तर रात्रंदिवस चाळीस दिवस लागतील. आपला कान वीस हजारांवर हात टेकतो. हा आवाज अंगातून सेकंदाला 1,540 मीटर धावतो. त्या वेगाने मुंबई-पुणे शंभर सेकंदांच्या आत. खंडाळ्यात वडापाव सोडाच, घाट दिसलाही नसता. पंधरा सेंटीमीटर आत जाऊन प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा पाच हजारावा भाग पुरतो.

आणि आता खरी कमाल. वाहत्या रक्तावर आपटून आलेला आवाज किंचित बदललेला असतो. यकृताकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतलं रक्त सेकंदाला वीस सेंटीमीटरने वाहत असेल, तर तिरप्या कोनातून फरक पडतो 35 लाखांत साडेचारशेचा. उमराण्याच्या बाजारात कांद्याचे 35 लाख मोजून घेतले आणि साडेचारशे रुपये कमी निघाले, कोणाच्या लक्षात येईल? हा फरक टिपणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीच्या येतं. तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत! यकृताची मुख्य धमनी सात मिलिमीटरहून रुंद, वेग सेकंदाला ऐंशी सेंटीमीटरच्या पुढे, असं दिसलं की डॉक्टर पडद्याकडे पुन्हा निरखून बघतात.

आजार दुर्मीळ म्हणतात. जगाचा ढोबळ हिशेब पाच हजारांत एक, म्हणजे चेंगरून भरलेल्या एका लोकलमागे एक माणूस. हाच हिशेब 2011 च्या जनगणनेतल्या नाशिक जिल्ह्याच्या 61 लाखांना लावा : बाराशेवर माणसं. 44 आसनांच्या 28 एसट्या भरून! त्यातल्या बऱ्याच जणांच्या यकृतात असे पाट फुटलेले असतात, आणि बहुतेकांना त्याचा त्रास नसल्याने पत्ताही नसतो.

तेव्हा घरात बापाचा आणि लेकाचाही घोळणा वारंवार फुटत असेल, ओठांवर, जिभेवर लाल ठिपके असतील, तर ती याच आजाराची खूण असू शकते; 'उष्णता झाली' म्हणून गुलकंदावर भागवू नका. डॉक्टरांना ही घराण्याची हकिकत सांगा आणि यकृताचं डॉपलर करायचं का, ते विचारा. जाताना पोट रिकामं ठेवा.