लग्नाचा बस्ता पुण्यातून आणताय? सहा माणसं, एक दिवस आणि हिशेबात बसणारी खरेदी

पुणे : तुळशीचं लग्न लागलं की गावागावांत लग्नाच्या याद्या सुरू होतात. खरिपाचा पैसा नुकताच हातात आलेला असतो आणि पहिला मोठा खर्च समोर येतो तो बस्त्याचा. तालुक्याच्या गावी आता मोठी दुकानं झाली आहेत, तरीही ‘बस्ता पुण्यात, लक्ष्मी रोडला’ हे अनेक घरांत ठरलेलंच असतं.

संध्याकाळी पिशव्या घेऊन परत निघताना हिशेब केला, की ठरवल्यापेक्षा बराच जास्त पैसा गेलेला दिसतो. सगळे जण दोष नवरीच्या शालूला देतात. पण शालू एकच असतो. बजेट मोडतं ते जिथं आकडा गुणला जातो तिथं. बरोबर आलेली माणसं, आहेराच्या साड्या आणि दिवसभराचं खाणं-फिरणं, हे तीन आकडे घरीच ठरवले तर कर्ज न काढता, कुणाचं मन न दुखवता एका दिवसात बस्ता होऊ शकतो.

आधी माणसं मोजा

बस्त्याला कोण जाणार, हा घरातला नाजूक प्रश्न. आत्याला नाही नेलं तर आत्या रुसते, मावशीला नेलं तर काकू विचारते. मग जीप भरून बारा-पंधरा माणसं निघतात. बस्त्याला आलेल्या बाईला तिथं साडी घ्यावीच लागते, असा अनेक घरांत रिवाज असतो. शिवाय जितकी माणसं तितकी मतं. एका साडीसाठी दोन तास जातात आणि घाई झाली की समोर येईल ते घेतलं जातं.

दोन्ही घरची मिळून सहा माणसं पुरतात. नवरा-नवरी, दोघांच्या आया, पैशाचा हिशेब ठेवणारा एक जाणता माणूस आणि कापडाची पारख असलेली एक बाई. बाकीच्यांना दुकानातूनच व्हिडिओ कॉल करून साड्या दाखवता येतात. घरी बसलेल्या आत्यालाही ‘मला विचारलं’ याचं समाधान मिळतं.

यायचं कसं?

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत, तर ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट आहे. त्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवा. ही सवलत एसटीची आहे. पुण्यातल्या पीएमपी बसमध्ये ती चालत नाही.

– पुरंदर, भोर, बारामती, इंदापूरकडून येणाऱ्यांनी स्वारगेटला उतरावं. तिथून मेट्रोनं पुढचंच स्टेशन मंडई. हा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला.

– जुन्नर, आंबेगाव, खेडच्या एसटी वाकडेवाडीला थांबतात. जुनं शिवाजीनगर स्थानक मेट्रोच्या कामासाठी तिकडे हलवलेलं आहे. वाकडेवाडीहून पीएमपीनं महापालिका भवनापर्यंत यावं. नदी ओलांडली की पेठा सुरू होतात.

– मावळातून लोकलनं शिवाजीनगरला उतरून मेट्रोनं मंडई गाठता येते.

– मुळशीकडून येणाऱ्यांना पौड रस्त्यावरचं वनाज, तर शिरूरकडून येणाऱ्यांना नगर रस्त्यावरचं रामवाडी मेट्रो स्टेशन सोयीचं. दोन्हीकडून डेक्कनला उतरायचं आणि लकडी पूल चालत ओलांडायचा. समोरच अलका टॉकीज चौक. लक्ष्मी रोड आणि नारायण पेठ इथून सुरू होते.

मेट्रोचं कमीत कमी तिकीट १० रुपये आहे. स्वारगेट ते मंडई सहा माणसांचं जाणं-येणं १२० रुपयांत होतं. रिक्षात तीनच माणसं बसतात, म्हणजे सहा जणांना प्रत्येक वेळी दोन रिक्षा लागतात.

स्वतःची गाडी आणायची असेल तर पेठांतले रस्ते अरुंद आणि बरेचसे एकेरी आहेत, हे लक्षात ठेवा. नारायण पेठेत महापालिकेचा हमालवाडा वाहनतळ आहे, पण सुट्टीच्या दिवशी तिथं जागा मिळेलच असं नाही. रस्त्याकडेला ‘पी-१’ पाटी असेल तर विषम तारखेला आणि ‘पी-२’ असेल तर सम तारखेला त्या बाजूला गाडी लावता येते. पाटी न वाचता लावलेली गाडी टोइंगवाले उचलून नेतात. मग दंड तर जातोच, पण खरेदीतला तास-दीड तासही जातो.

दिवस कोणता निवडायचा? पेठांतली बरीच दुकानं सोमवारी बंद असतात आणि रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार ते शुक्रवार यातला एखादा दिवस बरा.

सकाळ नारायण पेठेत

मुठेच्या काठची ही पेठ नारायणराव पेशव्यांच्या नावानं ओळखली जाते. मोदी गणपती, पत्र्या मारुती आणि लोकमान्य टिळकांचा केसरीवाडा इथंच. सकाळी नऊच्या सुमारास पोहोचलात तर कापडाची बरीच दुकानं उघडलेली नसतात. हा वेळ पोटाला द्या. उपाशी पोटी दुकानात शिरलं की अकरा वाजता चहा, बारा वाजता वडापाव, एक वाजता थंड पेय, असा सुटा खर्च वाढत जातो.

मुंजाबाच्या बोळातली बेडेकरांची मिसळ ही इथली जुनी ओळख. ती पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइसबरोबर मिळते. झणझणीत तर्रीची सवय असणाऱ्यांना ही मिसळ थोडी गोडसर वाटेल. केळकर रस्त्यावरचं प्रभा विश्रांतिगृह बटाटेवड्यासाठी प्रसिद्ध आहे. पेठांतली काही जुनी उपाहारगृहं दुपारी बंद असतात, म्हणून अशा ठिकाणी सकाळीच जाऊन यावं.

नाश्ता झाला की मोदी गणपतीचं दर्शन घ्या. लग्नाच्या कामाची सुरुवातही होते आणि म्हाताऱ्या माणसांना घटकाभर बसायलाही मिळतं.

लक्ष्मी रोड : आधी आहेर, मग शालू

बहुतेक मंडळी दुकानात शिरल्यावर आधी शालू बघतात. डोळ्यांना भारी माल दिसला की त्यानंतर आहेराच्या साड्याही ‘जरा बऱ्यातल्या’ हव्याशा वाटतात. इथंच गणित बिघडतं.

समजा, आहेराच्या ४० साड्या घ्यायच्या आहेत आणि घरी ४०० रुपयांची साडी ठरली होती. दुकानात ६५० ची आवडली. एका साडीमागे २५० रुपये फार वाटत नाहीत, पण ४० साड्यांचे १० हजार होतात. शालूवर तासभर घासाघीस करून वाचलेले हजार रुपये त्यापुढे काहीच नाहीत.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी आहेर, टॉवेल-टोप्या, शर्ट-पँटचे पीस. मग घरच्या बायकांच्या साड्या. उरलेल्या पैशात नवरा-नवरीचे कपडे. घरून निघताना कागदावर नावं लिहा, प्रत्येक नावापुढे रक्कम लिहा आणि तीन पाकिटं करा : आहेर, घरचे, नवरा-नवरी. एका पाकिटातले पैसे दुसऱ्यात घालायचे नाहीत.

आहेराच्या साड्या संख्येनं जास्त असतील तर रविवार पेठेतल्या कापडगंजात होलसेलची दुकानं आहेत. तिथला भाव आधी विचारून यायला हरकत नाही.

नवरदेवाची शेरवानी एकदाच घालायची असते. ती भाड्यानंही मिळते. भाडं, अनामत आणि परत करायची तारीख पावतीवर लिहून घ्या. ब्लाउज आणि फॉल-पिको गावातल्या शिंप्याकडे करा. पुण्यात टाकलं तर ते न्यायला पुन्हा एक फेरी होते.

‘नारायणपेठ’ साडी पुण्याची नाही

दुकानात ‘नारायणपेठ’ साडी दाखवली की ती इथलीच, असं अनेकांना वाटतं. ही साडी तेलंगणातल्या नारायणपेठ या गावची. चौकडी आणि ठसठशीत काठ ही तिची ओळख. पुण्याच्या नारायण पेठेत मिळते म्हणून ती जास्त अस्सल ठरत नाही, त्यामुळे त्या नावासाठी जादा पैसे मोजू नका.

पैठणीचंही तसंच. ‘सेमी पैठणी’ म्हणजे बहुधा यंत्रमागावरची किंवा कृत्रिम रेशमाची. ती वाईट नसते, पण तिला हातमागाचा भाव देऊ नका. पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीचं नक्षीकाम दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखं दिसतं. यंत्रमागावरच्या साडीला मागून सुटे धागे दिसतात. रेशीम म्हणून विकत असतील तर ‘सिल्क मार्क’चं लेबल आहे का विचारा.

बिल पक्कं घ्या

‘बिल नको, भाव कमी करतो’ असं कुणी म्हटलं तर भुलू नका. रेडिमेड कपड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावरच्या नगाला १८ टक्के जीएसटी आहे. शेरवानीचा भाव ठरवताना तो करासकट आहे की वेगळा, हे आधीच विचारा.

माल सदोष निघाला तर बिलच कामाला येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. रंग आवडला नाही म्हणून साडी बदलून मिळेलच असं मात्र नाही. ते दुकानदाराच्या मर्जीवर आहे, म्हणून पैसे देण्याआधी विचारा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

मोबाइलवरून पैसे देणार असाल तर यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण १ लाख रुपये असते. काही बँकांत ती कमी असते. निघण्याआधी आपल्या बँकेत विचारून घ्या आणि दोन माणसांच्या फोनवर सोय ठेवा.

मंगळसूत्राची खरेदी त्याच दिवशी असेल तर ती सगळ्यात शेवटी करा. सोनं पिशवीत घेऊन गर्दीत फिरू नका. दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक हवा. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिना किती कॅरेटचा आहे, ते दुकानात उभ्या उभ्या कळतं.

दुपारचं जेवण

दोनच्या सुमारास जेवायला बसा. सदाशिव पेठेतलं पूना बोर्डिंग हाऊस घरगुती पद्धतीच्या मराठी थाळीसाठी ओळखलं जातं. थाळी मर्यादित की पोटभर, लहान मुलांचं काय, हे बसण्याआधी विचारून घ्या. बिलात ‘सेवा शुल्क’ लावलं असेल तर ते देणं सक्तीचं नाही, काढायला सांगता येतं.

नाश्ता, जेवण, चहा मिळून माणशी ३०० रुपये धरले तर सहा जणांचे १,८०० होतात. बारा जण आले तर हेच ३,६०० होतात. एवढ्यात ४०० रुपयांच्या आहेराच्या नऊ साड्या येतात. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली, तर परतीच्या प्रवासात वेगळं काही घ्यावं लागत नाही. पाण्याच्या बाटल्या भरून आणा.

शेवटी तुळशीबाग

बेलबाग चौकाजवळ तुळशीबाग. जुन्या राममंदिराभोवतीचा हा बाजार. बांगड्या, हिरवा चुडा, मुंडावळ्या, खोटे दागिने, रुखवताचं सामान, पूजेची आणि संसाराची भांडी इथं जवळजवळ मिळतात. भाव करायला लाजू नका, पण भाव ठरला की घ्या. १००-५० च्या वस्तूंत पैसे गेलेले कळत नाहीत, म्हणून या खरेदीसाठी चौथं छोटं पाकीट ठेवा. ते संपलं की खरेदी संपली. पाकीट आणि मोबाइल पुढच्या खिशात ठेवा. लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

बायकांची अडचण होते ती स्वच्छतागृहाची. कापडाच्या मोठ्या दुकानांत खरेदी करतानाच विचारून घ्या. मेट्रो स्टेशनवरही सोय असते.

तुळशीबागेतून मंडई मेट्रो स्टेशन चालत काही मिनिटांवर आहे. साडेपाच-सहाला निघालात तर संध्याकाळच्या एसटीला वेळेत पोहोचाल. शेवटची गाडी किती वाजता आहे, ते सकाळी उतरल्याबरोबर चौकशी खिडकीवर विचारून ठेवा. ती चुकली तर लॉजचं भाडं नाहीतर खासगी गाडी, आणि दिवसभर वाचवलेलं त्यातच जातं.

निघण्याआधी एवढं बघा

– नावांची यादी आणि प्रत्येकापुढे रक्कम
– वेगवेगळी पाकिटं
– आधार कार्ड, चार्ज केलेले दोन फोन
– नवरदेवाच्या मापाचा एक जुना शर्ट-पँट
– मजबूत कापडी पिशव्या, पाण्याच्या बाटल्या

‘एवढ्या लांब आलोय, अजून एक घेऊन टाकू,’ हे वाक्य बस्त्याच्या दिवशी प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. त्या वेळी यादी बाहेर काढायची. यादीत नाव नसेल तर साडी नाही, एवढा नियम सहा जणांनी घरातून निघतानाच मान्य केला, तर लग्नानंतर सावकाराचं दार बघावं लागणार नाही.