पाण्याकाठचं घर घेताय? आधी पूररेषा बघा, मग टोकन द्या

कुवेत, दुबईत पंधरा-वीस वर्षं काढून गावाकडे एक घर घ्यायचं, गॅलरीतून नदी दिसली तर सोन्याहून पिवळं! आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांचं हे स्वप्न. बिल्डर व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवतो आणि मुलगा तिकडूनच टोकन भरतो. आम्ही पाहिलेले असे बहुतेक व्हिडिओ हिवाळ्यातले होते.

चिपळूण आपल्यासमोरच आहे. जुलै 2005 मध्ये शहर बुडालं आणि 22 जुलै 2021 ला पुन्हा. तळमजल्यावरची घरं, दुकानं पाण्याखाली गेली. सह्याद्रीवरचा पाऊस वाशिष्ठीत उतरतो, कोयनेच्या वीजघरांतलं पाणीही कोळकेवाडीमार्गे तिच्यातच येतं. त्यात खाडीला भरती असली की पाणी ओसरायला वेळ लागतो.

जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो. निळी रेषा ढोबळमानाने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते. लाल रेषा 100 वर्षांतून एकदाच्या पुराची. निळी आणि लाल यांच्या मधे अटींवर परवानगी मिळते. आता "25 वर्षांतून एकदा" ऐकलं की लोक म्हणतात, नुकताच पूर येऊन गेला, आता बेफिकीर! तसं नाही. याचा अर्थ दरवर्षी 4 टक्के शक्यता. 20 वर्षांच्या काळात निदान एकदा तरी पाणी येण्याची शक्यता जवळजवळ 56 टक्के होते. लाल रेषेवरच्या घरालाही याच हिशेबाने सुमारे 18 टक्के.

म्हणून सर्व्हे नंबर घेऊन नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जा, पूररेषेचा नकाशा मागा. बिल्डरच्या ब्रोशरवर जाऊ नका. ऐब लपवून माल विकणं आपल्या दीनमध्ये नाजायज आहे, पण विकणाऱ्याने सांगितलं नाही तर विचारणं आपलं काम.

तळ्याकाठी घेत असाल तर नुसता काठ बघू नका, सांडव्याचं पाणी कुठून जातं ते बघा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी नाग नदीकाठच्या वस्त्यांत शिरलं.

"आपला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आपल्याला काय?" असं म्हणणारेही भेटतात. पण मीटर बोर्ड, लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, गाडी, सगळं खालीच असतं. घरात आजारी अम्मी असतील आणि रस्ता दोन दिवस बंद, तर? घरासाठीच्या 'भारत गृह रक्षा' विम्यात पूर धरलेला आहे. विमा घ्यावा की नाही, हा मसला आपल्या आलिमांना विचारा.

घर बघायला शक्यतो जुलैत जा. आणि बाजूच्या बिल्डिंगमधल्या एखाद्या जुन्या खालाजानला विचारा, "2021 ला पाणी कुठवर आलं होतं?" त्या जिन्याच्या भिंतीवर हात ठेवूनच दाखवतील.