४३२ चा सूर आणि रक्तदाबाची गोळी

‘४४० हर्ट्झचे संगीत मनाला अस्वस्थ करते, ४३२ चे ऐका, रक्तदाब उतरेल’ असे सांगणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर फिरत असतात. हे आकडे सेकंदाला होणाऱ्या कंपनांचे. पाश्चात्त्य वाद्ये ज्या ‘ए’ स्वरावर जुळवतात, तो १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ४४० ठरला. १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्यावर शिक्का मारला. त्याआधी, १८५९ मध्ये, फ्रान्सने कायद्याने ४३५ ठरवला होता. इटलीचा संगीतकार व्हेर्दी १८८४ मध्ये ४३२ च्या बाजूने बोलला हे खरे, पण सगळीकडे एकच सूर असावा, हा त्याचा आग्रह होता. आरोग्याचा त्यात विषय नव्हता.

आपल्याकडे षड्ज मुळातच कुणी बांधून ठेवलेला नाही. तंबोरा गळ्याप्रमाणे लागतो. प्रमाण सुरातल्या पेटीची काळी एक सुमारे २७७ कंपनांची असते, ४३२ च्या हिशेबाने ती २७२ होईल. हा फरक शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जेमतेम एक तृतीयांश. लातूरचा कीर्तनकार काळी एक सोडून काळी दोनवर गेला की याच्या सहापट फरक पडतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात कीर्तन करणारे रागीही आपल्या गळ्याला मानवेल ती पट्टी घेतात. गुण एका आकड्यातच असता, तर एकाच पंगतीतल्या श्रोत्यांची तब्येत गायकागणिक बदलली असती.

त्यात मराठवाड्याचे ऊन. हवा तापली की तिच्यात ध्वनीचा वेग वाढतो आणि बासरीचा सूर चढतो. १५ अंशांच्या पहाटेपासून ४० अंशांच्या दुपारपर्यंत हा वेग चार टक्क्यांहून जास्त वाढतो. ४४० आणि ४३२ मधला फरक दोन टक्केही नाही. वादकाच्या फुंकरीची ऊब थोडे सावरून घेते, तरी मे महिन्यात बासरी पेटीशी जुळवताना होणारी ओढाताण कलाकारांना ठाऊक असते.

मग संशोधन काहीच सांगत नाही का? सांगते, पण थोडे. २०१९ मध्ये इटलीत ३३ जणांना दोन्ही सुरांतले संगीत ऐकवले गेले. ४३२ ला नाडीचे ठोके मिनिटाला सरासरी पाचेक कमी झाले, रक्तदाबातली घट मात्र खात्रीने सांगण्याजोगी नव्हती. प्रयोग प्राथमिक स्वरूपाचा होता. एवढ्या आधारावर रोजची गोळी बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, आणि शांत वाटले म्हणजे तो उतरला असेही नाही. संथ लयीचे, हलक्या आवाजातले गाणे मन निवांत करते, ते जरूर ऐकावे. गोळीबद्दल मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

भजनी मंडळांनीही पेटी ‘४३२ ला उतरवून’ घेण्याआधी थांबावे. सूर उतरवायचा तर आतली पितळी पाती बुडाशी घासावी लागते. घासलेले पितळ परत येत नाही आणि पाती फार पातळ झाली की तुटते. गळ्यावर ताण येतच असेल, तर त्याच पेटीवर एक पट्टी खाली घेऊन गाता येते.