पूल खेळांतील चेंडूंची निगा

‘पूल’ हा बिलियर्डच्या जातीचा खेळ. त्याच्या जागतिक नियमांप्रमाणें चेंडूचा व्यास २¼ इंच व वजन ५½ ते ६ औंस असावें लागतें. श्रोत्यांस नवल वाटेल तें हें कीं, त्या चेंडूस पॉलिश वा मेण लावण्यास मनाई आहे. चेंडू चेंडूवर आदळला म्हणजे घर्षणामुळें दुसऱ्याची वाट किंचित् वळते. तें वळण जमेस धरूनच खेळाडू नेम धरतो. मेणानें घर्षण घटतें, काठीच्या टोकास लावलेल्या खडूचा कण आघाताच्या जागीं चिकटला तर तें वाढतें. दोन्ही वेळां अचूक नेमहि फसतो. म्हणून चेंडू स्वच्छ फडक्यानें पुसावेत, साबणाच्या पाण्यानें धुवावेत. मेण लागलेंच असेल तर पाणी मिसळलेल्या मद्यार्कानें काढावें. सामन्याचा निकाल कौशल्यानें लागावा, खडूच्या कणानें लागूं नये, एवढाच या नियमांचा हेतु.