रंगारी घरी बोलावण्यापूर्वी

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, अशी म्हण आहे. तिच्यापुढे ‘आणि रंगारी पाहावा बोलावून’ एवढे जोडायला शहापूर-मुरबाडकडचे पुष्कळ लोक तयार होतील. दिवाळीच्या तोंडावर घाईने दिलेला रंग पुढच्या गणपतीला पापुद्र्यांनी सुटू लागतो. घरधनी रंगाऱ्याला दोष देतो, रंगारी डब्याला देतो, आणि भात विकून उभा केलेला पैसा मात्र मातीत जातो. हे टाळायचे, तर रंगारी काय करतो आणि आपण त्याच्याकडून काय अपेक्षावे, हे आधी समजून घ्यावे.

पहिली गोष्ट वेळेची. आपला मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याचा. तिकडे माळशेजचा घाट, इकडे तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे. मुंबईची तहान भागवणारा पाऊस आधी आपल्या भिंतींवर कोसळतो, आणि पश्चिमेची व नैर्ऋत्येची भिंत तर सरळ झडीखाली सापडते. पाऊस ओसरला म्हणजे भिंत वाळली, असे समजू नका. प्लॅस्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा चारी कडा चिकटवून एक दिवस-रात्र भिंतीवर ठेवा. आतून दव धरले तर रंगारी अजून बोलावू नये. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस या कामाला उत्तम. नव्या गिलाव्याला पाणी मारून झाल्यावरही दोन-तीन महिने वाळू द्यावे; नाहीतर आतले क्षार पांढरे होऊन रंगावर फुटतात.

दुसरी गोष्ट भिंतीच्या जातीची. मातीची किंवा कारवीच्या कुडाची भिंत ओल घेते आणि सोडते. तिला प्लॅस्टिकसारखा घट्ट रंग दिला तर ओल आत कोंडते आणि लिंपण सुटते. तिथे शेणमाती, गेरू किंवा कळीचा चुना हेच बरे. कळीचा चुना विरताना पाणी उकळते. मुलांना दूर ठेवा, डोळे सांभाळा. सिमेंटच्या गिलाव्याला सिमेंटचा रंग किंवा बाहेरचा अ‍ॅक्रिलिक रंग चालतो. सिमेंटचा रंग भिंत ओली करून लावतात आणि नंतर दोन-तीन दिवस पाणी मारतात. अ‍ॅक्रिलिकचे याच्या उलट. त्याला कोरडी भिंत हवी.

आता कामाचा क्रम. जाणता रंगारी आल्याआल्या डबा उघडत नाही. तो शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारतो, तारेच्या ब्रशाने सुटा रंग खरवडतो, भिंत धुऊन वाळवतो, भेगा बुजवतो, मग प्रायमर आणि त्यानंतर रंगाचे दोन हात देतो. पहिले दोन दिवस भिंत आधीपेक्षा कुरूप दिसली, तर समजा काम नीट चालले आहे. पागोळ्यांचे पाणी भिंतीवर येत असेल किंवा कौल फुटले असेल, तर ते आधी दुरुस्त करा. गळती तशीच ठेवून वरून रंग देणे म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा.

जुन्या दारे-खिडक्यांच्या तेली रंगात शिसे असू शकते. घासताना पाण्याने ओले करून घासावे, आणि पोरे व कोंबड्या तिथे फिरकू देऊ नयेत. नव्या घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावरचा मजकूर वाचून घ्या.

मग हिशेब. शंभर चौरस फूट म्हणजे एक ब्रास. घर ३० फूट लांब, २० फूट रुंद आणि भिंती १० फूट उंच असतील, तर घेर १०० फूट आणि बाहेरचे क्षेत्र १,००० चौरस फूट. त्यातून ३ बाय ७ ची दोन दारे आणि ३ बाय ४ च्या सहा खिडक्या मिळून ११४ वजा करा. उरले ८८६, म्हणजे सुमारे नऊ ब्रास. दारे-खिडक्या वजा धरायच्या की नाही, हे आधीच बोला. शिक्षकबंधूंनी हाच हिशेब शाळेच्या भिंतीवर मुलांकडून करून घ्यावा. गणिताचा तास होईल आणि शाळेचा अंदाजही निघेल.

ठरले ते कागदावर उतरवा: रंग कोणाचा व कोणता, हात किती, खरवडणे-धुणे मजुरीत धरले की नाही, परांची कोणाची, काम किती दिवसांत. तोंडी ‘होईल, होईल’ पुढे कोणालाच आठवत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. थोडी रक्कम काम पाहून झाल्यावर द्या, पण ती अडवून मात्र ठेवू नका. रंगाऱ्याच्या घरीही चूल आहे.

शेवटचे, आणि सर्वांत मोलाचे. परांचीचे बांबू आणि दोर चढण्यापूर्वी तपासा. विजेची तार भिंतीजवळून जात असेल, तर वीज कंपनीच्या माणसाकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय वर कोणी जाऊ नये. रंग पुन्हा देता येतो. पडलेला माणूस उभा करता येईलच असे नाही.